ऑनलाइन साहित्याची कॉपीराइट-झडती : एका सत्राचं काम

पहिली फाइल उघडली ती बी.ए.च्या मराठी पेपरातल्या दुसऱ्या घटकाची. ६२ पानांची पीडीएफ. प्रत्येक पानाच्या तळाशी स्कॅनिंग ॲपचा शिक्का, ७व्या पानावर पुस्तक दाबून धरलेला अंगठा, १७व्या पानावर ग्रंथालयाचा गोल निळा शिक्का. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशक, सर्वाधिकार कोणाचे हे सांगणारं पान तेवढं स्कॅन केलेलं नव्हतं. फाइलचं नाव 'युनिट टू फायनल न्यू'.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात अशा फाइली ढिगानं सापडतात. २०२०च्या टाळेबंदीत त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरल्या, तिथून ड्राइव्हवर गेल्या, आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला ई-कंटेंटच्या लिंका लागतात म्हणून ड्राइव्हवरून थेट संकेतस्थळावर आल्या. कोणाच्या मनात चोरी नव्हती. पण वर्गात वाटलेली झेरॉक्स फार तर गावातल्या दुसऱ्या कॉलेजपर्यंत जाते. उघडी लिंक कुठंही जाते. ग्रंथालय आणि दोन विभाग मिळून आम्ही एका सत्राचं साहित्य मूडलवर, म्हणजे लॉगिन करून वापरायच्या ऑनलाइन वर्गावर, नेण्याआधी तपासलं, तेव्हा बहुतेक निर्णय शेवटी याच एका प्रश्नावर आले : ही लिंक कोणाकोणाला उघडते?

सगळ्यांच्या तोंडी वाक्य एकच असतं : शिक्षणासाठी आहे ना, मग चालतं. ते अर्धं खरं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये कशाकशाला परवानगी लागत नाही याची लांबलचक यादी आहे. त्यातलं ५२(१)(आय) आपल्या कामाचं : शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेत घातलेला उतारा आणि उत्तरपत्रिकेत लिहिलेला उतारा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातला झेरॉक्सवाला पुस्तकांतल्या नेमलेल्या पानांचे संच काढून विकतो म्हणून त्याच्यावर तीन मोठ्या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तो याच पोटकलमावर लढला गेला. १६ सप्टेंबर २०१६ला एकल न्यायमूर्तींनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ला खंडपीठानं शिकवण्याच्या ओघाचा अर्थ वर्गातल्या तासापुरता ठेवला नाही, आणि किती पानं घेतली यापेक्षा शिकवायला तेवढी लागत होती का, हा निकष धरला; तेवढं तपासायला दावा पुन्हा सुनावणीला पाठवला. मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हा निकाल हातात घेऊन लगेच सगळं चढवायला निघू नये. एक तर तो कागदावरच्या संचांबद्दल आहे. दुसरं, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्याकडे औरंगाबाद खंडपीठापुढे दाखवता येतो, तो तिथं बंधनकारक नाही. तिसरं, पोटकलमात शब्द आहे तो प्रत काढण्याचा. इंटरनेटवरून लोकांपर्यंत पोचवणं हा कायद्यात वेगळा हक्क आहे. म्हणून आम्ही आपली रेघ आखून घेतली : कलम ५२च्या आधारावर जे ठेवायचं ते लॉगिनच्या आत, त्याच पेपरला नाव असलेल्या विद्यार्थ्यांना, त्याच सत्रापुरतं, आणि अभ्यासक्रमात नेमलेलीच पानं. एखादा वकील याहून मोकळा अर्थ लावेल. लावू द्या.

दुसरा समज १० टक्क्यांचा. 'पुस्तकाची १० टक्के पानं घेतली तर चालतात' असं प्राध्यापक अगदी खात्रीनं सांगतात. भारतीय कायद्यात असा आकडा कुठंही नाही. आपल्याकडे १० टक्के हा आकडा सगळ्यांना पाठ आहे तो यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांमुळे. तिथं १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्याचा इथं संबंध नाही. वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचं आपलं म्हणून सांगणं. कॉपीराइटचा भंग दुसऱ्याचं त्याच्या नावासकट, पण न विचारता छापलं तरी होतो. खाली 'साभार' लिहिल्यानं पहिला दोष जातो, दुसरा तसाच राहतो. 'गूगलवरून साभार' लिहिल्यानं तर दोन्ही राहतात.

कामाला सुरुवात करायची ती फाइली वाचण्यापासून नव्हे, उघडं काय काय पडलंय ते शोधण्यापासून. गूगलच्या शोधात 'साइट' हा निर्देश, पुढे कॉलेजच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि 'फाइलटाइप पीडीएफ' एवढं टाकलं की आपणच विसरलेल्या फाइली वर येतात. मग ड्राइव्हचे फोल्डर. तिथं 'लिंक असलेला कोणीही' ही सेटिंग बदलून 'मर्यादित' करायची. यात हमखास अडतं ते मालकीवर. फोल्डर कॉलेजच्या खात्यात नसतो; तासिका तत्त्वावर दोन वर्षं शिकवून गेलेल्या एखाद्या सरांच्या खासगी जीमेलमध्ये असतो. लिंक आपल्या संकेतस्थळावर, कुलूप त्यांच्याकडे. संकेतस्थळावरची लिंक आपण काढू शकतो, पण फाइल उघडीच राहते आणि जुन्या बॅचच्या ग्रुपवर ती फिरत असते. त्यासाठी त्या सरांना फोन करण्याला पर्याय नाही. काढलेली पीडीएफ गूगलच्या शोधात काही दिवस दिसत राहते. गूगलच्याच सर्च कन्सोलमधून काढण्याची विनंती टाकली तर ती साधारण सहा महिने लपते, तोवर मूळ पत्ता खरोखर बंद झालेला असला पाहिजे.

यानंतर वही. आम्ही एक्सेलमध्ये केली, पण आखीव रजिस्टरही चालेल. एक फाइल म्हणजे एक ओळ असं धरलं की सगळं फसतं, कारण ४० स्लाइडच्या एका पीपीटीत स्वतःचा मजकूर, दुसऱ्याचा तक्ता, विकिपीडियाचा नकाशा आणि वर्तमानपत्राचं कात्रण एकत्र नांदत असतात. ओळ वस्तूची करायची : फाइल, घटक, पान, काय आहे, मुळात कुठलं, हक्क कोणाचे, कोणत्या आधारावर ठेवतोय, निर्णय, तारीख. आधाराच्या रकान्यात सहाच शब्द चालतील असं ठरवलं : स्वतःचं, मुदत संपलेलं, खुला परवाना, कलम ५२, लेखी परवानगी, फक्त लिंक. रकाना कोरा राहिला तर वस्तू चढत नाही. चार घटकांच्या एका पेपराला दोघांचे दोन दिवस जातात, आणि त्यातला बराचसा वेळ चित्रं खातात.

मजकूर कुठून आला हे शोधताना मराठीत एक खास अडचण येते. जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा खिचडा असतो. वाक्य कॉपी करून गूगलमध्ये टाकलं तर काहीच सापडत नाही, आणि 'काहीच सापडलं नाही' म्हणजे 'सरांनी स्वतः लिहिलंय' असा निष्कर्ष निघतो. आधी परिवर्तकातून युनिकोड करून घ्यायचं, मग शोधायचं. जोडाक्षरं आणि रफार तुटतात म्हणून शोधायला साध्या शब्दांचं वाक्य निवडावं. आमच्याकडे 'स्वतःचं' म्हणून लिहिलेल्या ओळींपैकी काही या पायरीवर दुसऱ्या रकान्यात गेल्या. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. वीस वर्षांपूर्वीच्या हस्तलिखित टिपणांतून त्या आल्या होत्या, आणि टिपणं काढताना पुस्तकाचं नाव लिहून ठेवायची सवय कोणाला असते?

सगळ्यात समाधानाचा भाग मुदत संपलेल्या साहित्याचा. नियम सोपा आहे : लेखक ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१४पासून सर्वांचं. साने गुरुजी १९५०चे, मर्ढेकर १९५६चे, त्यांचंही झालं. नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनाला २०४२ संपेपर्यंत परवानगी लागेल. अभ्यासक्रमात बी. रघुनाथ आणि कुरुंदकर शेजारी-शेजारी असतात आणि एकाला लागू ते दुसऱ्याला लागू असं गृहीत धरलं जातं. दोन लेखकांचं पुस्तक असेल तर शेवटी गेलेल्याच्या वर्षापासून मोजतात.

नियमाला दोन फाटे आहेत आणि दोन्ही आपल्या अभ्यासक्रमांत येतात. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ला गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ला खुलं झालं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं इंग्रजी मूळ १९५७मध्ये निघालं, ते एक वर्ष उशिरा, १ जानेवारी २०१८ला. आणि १९७९पासून राज्य शासनानं काढलेल्या खंडांत जे लेखन पहिल्यांदाच छापलं गेलं, त्याचं घड्याळ तिथून सुरू होतं. खंडातलं काय आधी छापलेलं होतं आणि काय नव्हतं, हे प्रत्येक नोंदीमागे बघावं लागतं. मराठी अनुवादाची मुदत तर अनुवादकाच्या आयुष्यावर चालते, मूळ लेखकाच्या नव्हे. दुसरा फाटा संतसाहित्याचा. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, जनाबाईचे अभंग, यांच्या मूळ ओव्यांवर कोणाचाही हक्क नाही. पण सार्थ आवृत्तीतला अर्थ, संपादकाची प्रस्तावना, तळटीपा, शब्दकोश ही त्या संपादकाची मालमत्ता आहे. महानुभाव गद्याच्या संपादित प्रतींचंही तसंच. म्हणून ओव्या आम्ही युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतल्या आणि अर्थ विभागातल्या शिक्षकांनी स्वतः लिहिला. स्कॅनपेक्षा हे मोबाइलवर वाचायला सोपं पडतं आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या वाचकयंत्राला समजतंही. त्या विद्यार्थ्यासाठी हक्क असलेल्या पुस्तकाचीही सुलभ प्रत करायला कलम ५२मध्ये वेगळी मोकळीक आहे, २०१२च्या दुरुस्तीपासून. फक्त ती त्याच्यापुरती ठेवायची, सगळ्या वर्गाच्या फोल्डरमध्ये टाकायची नाही.

उताऱ्यांच्या संग्रहाविषयीचं पोटकलम, ५२(१)(एच), ऐकायला उपयोगी वाटतं आणि बहुतेक वेळा लागू पडत नाही. संग्रह मुख्यतः हक्कमुक्त मजकुराचा हवा, उतारे छोटे हवेत, संग्रह काढणाऱ्या एका प्रकाशकाला एका लेखकाचे पाच वर्षांत दोनच छापता येतात, आणि मूळ पुस्तक शिक्षणासाठीच काढलेलं नको. म्हणजे दुसऱ्या क्रमिक पुस्तकातले उतारे इथं बसतच नाहीत. लोक नेमके तेच उचलतात.

विधीच्या पेपरांना दिलासा मोठा आहे. न्यायालयाचा निकाल जसाच्या तसा ठेवता येतो, न्यायालयानं मनाई केली नसेल तर. अधिनियमाचं कलम भाष्यासह किंवा इतर मूळ मजकुरासह छापता येतं. पण निकाल कुठून घेतला ते बघायचं. खासगी निकालपत्रिकांनी वर जोडलेला सारांश आणि त्यांनी केलेली परिच्छेदांची मांडणी यांत त्यांची मेहनत आणि बुद्धी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात मानलं. न्यायालयाच्या संकेतस्थळावरची कोरी प्रत घ्या, सारांश स्वतः लिहा. भूगोल आणि अर्थशास्त्राच्या तक्त्यांसाठी केंद्राच्या खुल्या डेटा संकेतस्थळावरच्या आकडेवारीला २०१७पासून सरकारी खुला परवाना आहे. श्रेय लिहिलं की झालं. नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप घ्यावा आणि कोपऱ्यात त्यांच्या योगदानकर्त्यांचं श्रेय ठेवावं. गोदावरी खोऱ्याचा नकाशा कोणीतरी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून मोबाइलनं काढलेला होता. तो तासाभरात नव्यानं करता आला, आणि जुन्यापेक्षा स्वच्छ निघाला.

चित्रांकडे वळू. अजिंठ्याचं भित्तिचित्र कोणाच्या हक्कात नाही, त्याचा फोटो फोटोग्राफरच्या हक्कात असतो. वेरूळच्या कैलास लेण्याचा फोटो आपण स्वतः काढून वापरणं सगळ्यात सोपं. इतिहास विभागाच्या सहलीत मुलांनी काढलेले फोटो होतेच, प्रत्येकाकडून दोन ओळींची लेखी संमती घेतली आणि खाली नाव दिलं. बाकीसाठी विकिमीडिया कॉमन्स. तिथं प्रत्येक फाइलच्या पानावर परवाना लिहिलेला असतो आणि श्रेयाची तयार ओळ मिळते : निर्माता, शीर्षक, परवान्याचं नाव, दुवा. चारही हवेत. नुसतं 'विकिमीडिया' लिहिणं म्हणजे टपालपेटीचं नाव सांगून पत्र लिहिणाऱ्याचं नाव गाळणं.

क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या अक्षरांत गफलत होते ती दोन ठिकाणी. 'एनडी' असलेला लेख वाटता येतो, त्याचा मराठी अनुवाद करून वाटता येत नाही. आणि आपल्याला तर बहुतेक वेळा अनुवादच हवा असतो. 'एसए' असलेल्याचा अनुवाद करता येतो, पण मग आपला अनुवादही त्याच परवान्याखाली सोडावा लागतो. विकिपीडियाचा मजकूर याच गटातला. एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांवर 'एनसी' आणि 'एसए' दोन्ही असतात. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. शुल्क घेऊन चालवलेल्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात ते साहित्य वापरावं का, यावर वाद घालण्यापेक्षा आम्ही तिथं ते टाळलं. ओपनस्टॅक्सची बरीच पाठ्यपुस्तकं फक्त श्रेयाच्या अटीवर आहेत; विज्ञान शाखेला त्यांचा चांगला उपयोग होतो.

शोधनिबंधांचं एका वाक्यात : पीडीएफ चढवू नका, डीओआयची (निबंधाच्या कायम ओळखक्रमांकाची) लिंक द्या. शासकीय संस्थांना १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली आहेत, अनुदानित महाविद्यालयांकडे एन-लिस्ट ही ई-नियतकालिकांची वर्गणी असते. विद्यार्थी आपल्या लॉगिननं तिथंच वाचू शकतो. वर्गणीच्या करारात फाइल दुसरीकडे साठवायला सहसा मनाई असते, आणि कलम ५२ दाखवून तो करार विसरता येत नाही. ग्रंथपालाचा पासवर्ड वर्गाच्या ग्रुपवर टाकणं हा तर प्रवेशच बंद करून घेण्याचा खात्रीचा मार्ग. यूट्यूबचंही तसंच : व्हिडिओ मूडलमध्ये एम्बेड करा, म्हणजे यूट्यूबवरूनच तिथल्या चौकटीत चालू द्या, उतरवून पुन्हा चढवू नका. मूळ मालकानं तो काढला तर आपल्याकडे रिकामी चौकट दिसेल, म्हणून सत्राच्या आधी आणि मध्यावर एकदा सगळ्या चौकटी दाबून बघायच्या.

परवानगी मागायची वेळ शेवटी थोड्याच वस्तूंवर येते, पण ती सत्र सुरू व्हायच्या किमान आठ आठवडे आधी मागितली पाहिजे. मराठी पुस्तकात आधी हक्कपान वाचा. पुष्कळदा तिथं ना लेखकाचं नाव असतं ना प्रकाशकाचं. 'सर्वाधिकार' लेखकाच्या पत्नीच्या नावे असतात. प्रकाशकाचा करार एका आवृत्तीपुरताही असू शकतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरतात. त्यामुळे पुण्याच्या प्रकाशकानं फोनवर 'घ्या की' म्हटलं, तरी द्यायचा हक्क त्याच्याकडे असेलच असं नाही. आमच्या पत्राचा गाभा असा होता :

'पुढील मजकूर बी.ए. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वापरण्यास परवानगी मिळावी. पुस्तक, आवृत्ती व वर्ष : … पृष्ठे ४१ ते ५८, एकूण १८. माध्यम : महाविद्यालयाचे लॉगिन असलेले मूडल. विद्यार्थी : ६०. कालावधी : एक सत्र. वेगळे शुल्क : नाही. विद्यार्थी फाइल उतरवून घेऊ शकतील; पुढे पाठवू नये अशी सूचना पहिल्या पानावर असेल. या मजकुराचे इलेक्ट्रॉनिक हक्क आपल्याकडे नसल्यास ते कोणाकडे आहेत, हे कृपया कळवावे.'

शेवटच्या वाक्यानंच सगळ्यात जास्त काम केलं. फाइल उतरवण्याबद्दल खरं लिहावं. मूडल पीडीएफ उतरवणं पूर्ण रोखू शकत नाही, आणि न पाळता येणारं वचन पत्रात देऊन परवानगी मिळवली तर ती परवानगीच डळमळीत होते. उत्तर फोनवर आलं तर लगेच 'आपल्या बोलण्यानुसार' असा ईमेल पाठवून त्यावर 'होय' एवढं लेखी मागून घ्यावं. परवाना लेखी हवा, सहीची अट २०१२च्या दुरुस्तीत गेली. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. दोन स्मरणपत्रांनंतरही शांतता असेल तर त्या मजकुराऐवजी पुस्तकाच्या तीन प्रती विकत घेऊन राखीव कपाटात ठेवल्या, आणि मूडलवर शिक्षकानं स्वतःच्या शब्दांत टिपण दिलं. कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो.

आता घरातला प्रश्न, जो सगळ्यात उशिरा लक्षात येतो : आपल्याच शिक्षकांनी लिहिलेलं साहित्य कोणाचं? नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. पण तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचा आदेश बहुधा तासांपुरता असतो, त्यात नोट्स किंवा व्हिडिओचा उल्लेख नसतो. तिथं मालक तेच आहेत असं धरून चालावं आणि एका पानाचा लेखी करार करावा. त्यात कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या भूभागासाठी आणि मोबदला काय हे चारही लिहायचं. मुदत न लिहिली तर पाच वर्षं, भूभाग न लिहिला तर फक्त भारत, आणि हक्क वर्षभर वापरले नाहीत तर, वेगळं लिहिलेलं नसल्यास, ते परत जातात. मोबदल्याची ओळ कोरी ठेवायचा मोह होतो. ज्या माणसाला महिनोन् महिने मानधनाची वाट बघावी लागते त्याच्याकडून व्हिडिओ फुकट लिहून घेणं कायद्यात बसलं तरी बरं दिसत नाही. आम्ही घटकामागे ठरावीक रक्कम प्राचार्यांकडून मंजूर करून घेतली.

पाहुण्या वक्त्याचं भाषण रेकॉर्ड केलं तर आणखी एक थर येतो. कायद्यातल्या 'सादरकर्ता' या व्याख्येत नट, गायक, डोंबारी, गारुडी यांच्याबरोबर व्याख्यान देणारा माणूसही आहे, आणि सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. लोकसाहित्याच्या पेपरासाठी पैठणच्या बाजूला भारूड किंवा गोंधळ चित्रित करून आणतात, तिथंही हेच. एकनाथांचं भारूड सर्वांचं, पण ते गाणाऱ्या पथकाची संमती हवी. ती कॅमेऱ्यासमोर, त्यांच्या बोलीत, काय आणि कुठं वापरणार हे सांगून घेतली तर कागदापेक्षा बरी. तिच्यासोबत एक सही किंवा अंगठाही घ्यावा.

मूडलमध्ये फाइल चढवताना 'लेखक' आणि 'परवाना' असे दोन रकाने येतात. सगळे ते ओलांडून जातात. तिथंच वहीतला आधार भरला तर पुढच्या वर्षी वही शोधावी लागत नाही. पाहुण्यांचा प्रवेश बंद आहे हे प्रत्येक कोर्समध्ये जाऊन बघायचं, एका ठिकाणी बंद केला म्हणजे सगळीकडे होत नाही. नावनोंदणीची 'की' (प्रवेशाचा सांकेतिक शब्द) दर बॅचला बदलायची. आणि कोर्सची 'समाप्ती तारीख' टाकली म्हणजे साहित्य आपोआप झाकलं जातं हा गैरसमज आहे. कोर्स नुसता 'झालेले' यादीत सरकतो, फाइली उघड्याच राहतात. नावनोंदणीची मुदत संपवावी लागते किंवा त्या फाइलींवर तारखेचं बंधन घालावं लागतं.

तक्रार आली तर वाद नंतर, फाइल आधी झाकायची. कॉपीराइटच्या नियमांमध्ये मध्यस्थ संकेतस्थळांना, म्हणजे इतरांनी चढवलेलं नुसतं साठवणाऱ्यांना, फाइल झाकायला ३६ तासांची मुदत आणि पुढे तक्रारदाराला न्यायालयात जायला २१ दिवस दिलेले आहेत, पण फाइल चढवणारं कॉलेज स्वतःच असेल तर मध्यस्थाच्या संरक्षणावर विसंबू नये. फाइल झाकल्याची वेळ, आलेलं पत्र आणि वहीतली ती ओळ एकत्र ठेवावी. कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड ५०,००० ते २ लाख असा आहे, ही माहिती प्राचार्यांच्या टेबलावर असलेली बरी. निधी मंजूर व्हायला मदत होते.

६२ पानांच्या त्या पीडीएफचं पुस्तक सापडलं ते १७व्या पानावरच्या शिक्क्यामुळे. शिक्क्याच्या आत पेनानं लिहिलेला दाखल क्रमांक होता. दाखल नोंदवहीत तो बघितला, पुस्तक कपाटातून काढलं आणि हक्कपान वाचलं. अभ्यासक्रमात नेमलेलं प्रकरण १८ पानांचं, बाकीची ४४ पानं आणखी चार प्रकरणांची, कोणी नेमलेली नव्हती. ती काढली. हक्क लेखकाच्या पत्नीच्या नावे होते, पत्ता प्रकाशकानं कळवला, पत्राचं उत्तर पाचव्या आठवड्यात निळ्या आंतर्देशीय पत्रावर आलं. परवानगी एका सत्राची, आणि पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयानं विकत घ्यावी अशी विनंती. घेतली. नव्या पीडीएफचं पहिलं पान आता हक्कपान आहे, त्याखाली परवानगीची तारीख. स्कॅन सपाट काचेवर केलं, त्यामुळे अंगठाही गेला.